टाकून द्यायला सांगितलेले ७ नमुने

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पीएचडीचं तिसरं वर्ष. विषय टाइप २ मधुमेहातला दाह आणि प्लेटलेट. विदर्भातल्या एका शहरात रुग्णालयाच्या ओपीडीत रक्त काढलं जातं. बर्फाच्या डब्यातून, दुचाकीवरून ४० मिनिटांत ते प्रयोगशाळेत येतं आणि फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) प्लेटलेटवरचं पी-सिलेक्टिन, म्हणजे प्लेटलेट भडकल्याची खूण असलेलं प्रथिन, मोजलं जातं. रुग्ण २४ झाले. काहीही न डिवचता त्यांच्या १४ ते २० टक्के प्लेटलेट पी-सिलेक्टिन दाखवतात. निरोगी कंट्रोलही २४. त्यातले पहिले १७ प्रयोगशाळेतले सहकारी, रक्त तिथेच काढलेलं. त्यांचे आकडे ३ ते ४ टक्के. शेवटचे ७ रुग्णालयातले कर्मचारी. त्यांचं रक्त ओपीडीत काढलं, त्याच डब्यातून आणलं, आणि आकडे आले १३ ते १८. गाईडचं म्हणणं, "तुझा हात अजून बसलेला नाही. ते ७ खराब गेलेत, काढून टाक आणि पेपर लिहायला घे." पत्रलेखिका विचारते: ते ७ काढू का? की विषयच बदलून घेऊ? रक्त गोठवणारी ही पेशी इतकी लहरी असेल, तर तिच्यावरून दाहाबद्दल काही सांगता तरी येईल का? यापुढे सीरममधलं सीडी४० लायगँड हे दाहाशी जोडलेलं प्रथिन मोजायचाही बेत आहे.

ते ७ काढू नका. तुमच्या २४ कंट्रोलपैकी रुग्णांशी तुलना करण्याजोगे तेवढेच ७ आहेत.

हे वाचून धक्का बसेल, पण पत्रातले तुमचेच आकडे एका कागदावर मांडून बघा. रुग्णांचं रक्त ओपीडीत निघालं, बर्फात बसलं, दुचाकीवर ४० मिनिटं हादरत आलं. पहिल्या १७ जणांचं रक्त तुमच्या टेबलाशेजारी निघालं आणि काही मिनिटांत अँटिबॉडीत पडलं. म्हणजे या दोन गटांत फरक नुसता मधुमेहाचा नाही. सुईचा, थंडीचा, वेळेचा आणि रस्त्याचाही आहे. हे सगळे फरक एकाच बाजूला ढीग करून बसलेत, त्यामुळे कुठलंही सांख्यिकी गणित त्यांना वेगळं काढू शकत नाही. शेवटच्या ७ जणांना मधुमेह नाही, पण त्यांच्या रक्ताने रुग्णांच्या रक्ताचाच प्रवास केला. त्यांचे आकडे रुग्णांजवळ आले. याचा सरळ अर्थ असा की आतापर्यंत दिसलेला फरक बराचसा प्रवासाचा असावा. ते ७ काढले, तर हे सांगणारा एकुलता एक साक्षीदार जातो.

तुम्ही कंट्रोल म्हणजे 'निरोगी माणूस' असं धरून चालला होता, आणि बहुतेक जण तसंच धरतात. पण निरोगीपणा हा कंट्रोलचा एकच गुण झाला. ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा ती सोडून बाकी सगळं ज्याचं रुग्णासारखं, तो कंट्रोल. बाकीच्या बऱ्याच चाचण्यांत याकडे थोडं दुर्लक्ष झालं तरी निभावतं. सोडियम मोजताना कोणती सुई वापरली यावरून सहसा आभाळ कोसळत नाही. प्लेटलेटच्या बाबतीत मात्र कोसळतं, कारण ती पेशी बनलीच आहे डिवचलं की उसळण्यासाठी.

ही पेशी म्हणजे २-३ मायक्रोमीटरची, केंद्रक नसलेली चपटी चकती. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख, आयुष्य ७ ते १० दिवसांचं. पोटात ५० ते ८० अल्फा कण आणि मोजके घन कण. पी-सिलेक्टिन या अल्फा कणांच्या आवरणात आतल्या बाजूला दडलेलं असतं. प्लेटलेट भडकली, की कण बाहेरच्या पडद्याला जोडले जातात आणि ते पृष्ठभागावर येतं. म्हणून ते चांगलं मोजमाप आहे. पण भडकायला तिला मधुमेहच लागतो असं नाही. शिरेची फाटलेली कड, बारीक सुईतली ओढ, काचेची भिंत, गारठा, हिसका यांतलं काहीही पुरतं. नळीत शांत बसलेली प्लेटलेट ही आपोआप मिळणारी गोष्ट नाही. ती कष्टाने राखावी लागते.

गाईडच्या 'हात बसलेला नाही' या वाक्याचा तुम्ही फार धसका घेतलेला दिसतो. पण त्याच हातांनी तुम्ही १७ वेळा ३ ते ४ टक्के आणलेत. ओपीडीतले सातही वर गेले आणि सातही एकमेकांजवळ आहेत. कच्च्या हाताचे आकडे विखुरतात. असे एका बाजूला सरकून घट्ट बसत नाहीत. तुमच्या टेबलावरचं काम ठीक आहे. प्रयोग बिघडतोय तो टेबलापर्यंत पोचण्याआधी, आणि तो भाग तुमच्या प्रोटोकॉलमध्ये 'रक्त संकलन' अशा दोन शब्दांत संपत असेल.

ते दोन शब्द उलगडू. ओपीडीत सहसा काय होतं? सिस्टर १० मिलीच्या सिरिंजला २३ किंवा २४ गेजची बारीक सुई लावतात, दट्ट्या जोरात ओढतात. मग तीच सुई नळीच्या बुचात खुपसून रक्त दाबाने आत सोडतात. आधी जांभळी नळी, मग साधी, आणि शेवटी तुमची निळी. तोपर्यंत सिरिंजमधलं रक्त दीड-दोन मिनिटं कुठल्याही प्रतिगोठकाशिवाय प्लास्टिकमध्ये बसलेलं असतं आणि गोठण्याच्या वाटेला लागलेलं असतं. टुर्निके (दंडाला बांधलेला पट्टा) पहिल्यापासून आवळलेलाच. नळीत सायट्रेट आहे म्हणून ती गदागदा हलवली जाते. यात सिस्टरची काही चूक नाही. शुगर आणि क्रिएटिनिनसाठी हीच पद्धत चालते, आणि त्यांच्यापुढे चाळीस माणसांची रांग असते.

तुम्हाला हवं ते असं: २१ गेजची सुई, त्याहून बारीक नाही. टुर्निके हलका, शीर सापडून रक्त यायला लागलं की सैल. पहिले २-३ मिली वेगळ्या नळीत घ्या आणि तुमच्या मोजमापातून बाद करा, कारण शिरेला भोक पाडताना निघालेला टिश्यू फॅक्टर, म्हणजे गोठण्याची सुरुवात करणारं प्रथिन, त्यात असतो. ते रक्त रुग्णाच्या नेहमीच्या तपासणीला देता येतं, वाया जात नाही. त्यानंतर ३.२ टक्के सायट्रेटची नळी, १ भाग सायट्रेटला ९ भाग रक्त, खुणेपर्यंत पूर्ण भरलेली. अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि नमुना बदलतो. नळी हळूच ४-५ वेळा उलटी-सुलटी करायची. शेक करायची नाही. सुई शिरेत शोधावी लागली किंवा रक्त थेंबथेंब आलं, तर त्या माणसाचा नमुना त्या दिवशी घ्यायचा नाही. हे आधीच लिहून ठेवा, आणि रुग्ण व कंट्रोल दोघांनाही सारखंच लावा.

ईडीटीएची जांभळी नळी यासाठी वापरू नका. ईडीटीए कॅल्शियम पार ओढून घेतं. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी एकमेकींना पी-सिलेक्टिनने धरतात, ती पकड कॅल्शियमवर चालते. ईडीटीएत ती सुटते. 'रुग्णांत प्लेटलेट-मोनोसाइट जोड्या दिसल्याच नाहीत' असा निष्कर्ष काढायच्या आधी नळीच्या बुचाचा रंग बघावा. हिरवी हेपरिनची नळीही नको. हेपरिनने प्लेटलेट उलट चिडतात.

आता बर्फ. नमुना म्हटलं की बर्फ ही सवय आपल्या प्रयोगशाळांमध्ये खोल गेलेली आहे, आणि प्लाझ्मातल्या प्रथिनांसाठी ती बरोबरही आहे. प्लेटलेटमधून सुटणारं पीएफ४ प्लाझ्मात मोजायचं असेल, तर सायट्रेटबरोबर थिओफिलिन, अ‍ॅडेनोसिन आणि डायपिरिडॅमॉल असलेली खास नळी घेतात आणि ती बर्फातच ठेवतात. पण तिथे मोजायचं असतं ते बाहेर सुटलेलं प्रथिन, जिवंत पेशीचं वागणं नाही. जिवंत प्लेटलेटला गारठा सोसत नाही. चकतीचा आकार टिकवणारी तिच्या कडेची सूक्ष्मनलिकांची कडी थंडीत विरघळते, आत कॅल्शियम वाढतं, ती गोल होते आणि तिला काटे फुटतात. रक्तपेढीत तांबड्या पेशी फ्रिजमध्ये आणि प्लेटलेटच्या पिशव्या मात्र २० ते २४ अंशांवर, सतत हलक्या हलवत ठेवतात, त्याचं कारण हेच.

हे डोळ्यांनी बघता येतं. कुठलंही महागडं यंत्र न वापरता होणारी ही सगळ्यांत प्रामाणिक चाचणी आहे. सायट्रेटचं रक्त २०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट ओढीवर) १० मिनिटं, ब्रेक न लावता फिरवा आणि वरचा पिवळसर थर, म्हणजे प्लेटलेटने भरलेला प्लाझ्मा, हळूच काढून घ्या. पारदर्शक नळीत घेऊन खिडकीसमोर किंवा ट्यूबलाइटसमोर धरा आणि सावकाश कलती करा. प्लेटलेट शांत, चपट्या असतील तर आतून रेशमासारखी चमकती लाट फिरताना दिसते, जणू धुराचं वेटोळं. चकत्या प्रवाहाबरोबर एका दिशेला वळतात आणि उजेड परावर्तित करतात, म्हणून. गोल झालेल्या प्लेटलेटमध्ये ही लाट उठत नाही. प्लाझ्मा नुसता गढूळ, मेलेला दिसतो. त्याच प्लाझ्माचा दुसरा वाटा पाऊण तास बर्फात ठेवा आणि बाहेर काढल्या काढल्या धरून बघा.

इथे फिरवण्याबद्दल एक खबरदारी. जुन्या प्रोटोकॉलमध्ये '१५०० आरपीएम' असं लिहिलेलं असतं आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच चालतं. आरपीएमला, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांना, रोटरच्या त्रिज्येशिवाय अर्थ नाही. सूत्र असं: ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. १० सेंटिमीटरच्या रोटरवर १५०० आरपीएम म्हणजे सुमारे २५० जी. तोच आकडा १८ सेंटिमीटरच्या रोटरवर साडेचारशे जीच्या वर जातो. मग मोठ्या प्लेटलेट तांबड्या पेशींबरोबर खाली बसतात, आणि बऱ्याचदा मोठ्या असतात त्याच जास्त चपळ असतात. यंत्र बदललं की प्रोटोकॉल बदलतो, हे रजिस्टरमध्ये लिहून ठेवा.

बर्फ नको म्हटलं की 'मग रूम टेम्परेचरला आणते' असं तुम्ही म्हणाल. थांबा. पाठ्यपुस्तकातलं रूम टेम्परेचर २० ते २४ अंश असतं. मे महिन्यातलं विदर्भातलं रूम टेम्परेचर ते नव्हे. उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या डिकीत तर नळी सहज चाळिशी ओलांडते. जाड थर्माकोलचा डबा घ्या, त्यात २२ अंशांवर आणलेले जेल पॅक ठेवा. एसीच्या खोलीत रात्रभर ठेवले की ते त्या तापमानाला येतात. फ्रीझरमधले वापरायचे नाहीत. आत एक छोटं डिजिटल थर्मामीटर ठेवा, निघतानाचं आणि पोचल्याचं तापमान लिहा. नळ्या उभ्या, फोममध्ये खोचलेल्या असाव्यात.

याहून चांगला उपाय म्हणजे रक्त प्रयोगशाळेत आणण्याऐवजी अँटिबॉडी ओपीडीत न्यायची. सकाळी निघतानाच छोट्या नळ्यांमध्ये ५० मायक्रोलिटर बफर आणि अँटिबॉडी भरा: प्लेटलेट ओळखायला सीडी४१ किंवा सीडी६१, आणि पी-सिलेक्टिनसाठी सीडी६२पी. नळ्या फॉइलमध्ये गुंडाळा. रक्त निघाल्यापासून १० मिनिटांत प्रत्येकीत ५ मायक्रोलिटर घाला, व्होर्टेक्स न करता बोटाने एकदा टिचकी मारा, अंधारात १५ मिनिटं ठेवा आणि मग १ टक्का फॉर्मल्डिहाइड घालून जागच्या जागी थांबवा, म्हणजे फिक्स करा. त्यानंतर रस्ता कितीही खडबडीत असो, उत्तर बदलत नाही. त्याच दिवशी यंत्रावर वाचून घ्या. पॅक-१ (भडकलेल्या प्लेटलेटलाच चिकटणारी अँटिबॉडी) वापरणार असाल तर ते फिक्स करण्याआधीच लावायचं, नंतर ते नीट बसत नाही. ओपीडीत एक टेबल, एक पिपेट आणि एक टायमर एवढंच लागतं. सिस्टर आणि वॉर्डातल्या मामांना हे का करतोय ते पाच मिनिटं बसून सांगा. त्यांना कळलं तर ते तुमच्याइतक्याच काळजीने नळी धरतील.

पण आधी खात्री करा की बिघाड नेमका कुठे आहे. बर्फावर माझा संशय आहे, पण तो संशयच आहे. सुई आणि रस्ताही तितकेच संशयित आहेत. ५-६ निरोगी स्वयंसेवक घ्या. प्रत्येकाच्या एका हातातून २१ गेजच्या सुईने नीट रक्त घ्या आणि त्याचे चार वाटे करा. पहिला ओपीडीतच १० मिनिटांत अँटिबॉडीत. दुसरा ४५ मिनिटं २२ अंशांवर, न हलवता. तिसरा ४५ मिनिटं बर्फात, तोही न हलवता. चौथा २२ अंशांवर, पण दुचाकीवरून त्याच रस्त्याने. दुसऱ्या हातातून सिस्टरच्या नेहमीच्या पद्धतीने एक नळी, आणि तीही १० मिनिटांत अँटिबॉडीत. प्रत्येक वाट्याचं एक न डिवचलेलं मोजमाप आणि एक २० मायक्रोमोलर ट्रॅप-६ (प्लेटलेटला मुद्दाम भडकवणारं पेप्टाइड) घालून. एका माणसाचं रक्त त्याच्याच दुसऱ्या वाट्याशी ताडायचं असल्याने पाच-सहा माणसांतही मोठा फरक लपत नाही. यासाठी माणशी जेमतेम २० मिली रक्त लागेल, पण ते तुमच्या एथिक्स कमिटीने मंजूर केलेल्या प्रमाणात आणि उद्देशात बसतं का ते बघा. बसत नसेल तर आधी दुरुस्ती मंजूर करून घ्या.

वाचन असं करा. पहिला वाटा ५ टक्क्यांच्या आत आणि फक्त तिसरा वर, तर बर्फ. फक्त चौथा वर, तर हिसके. दुसरा, तिसरा, चौथा सगळेच वर, तर उशीर. दुसऱ्या हाताची नळी वर, तर सुई आणि सिरिंज. आणि पहिलासुद्धा वर असेल, तर प्लेटलेटना दोष देण्याआधी यंत्राचं गेट (कोणत्या पेशी मोजायच्या याची आखलेली चौकट), आयसोटाइप (नुसतं वरवर चिकटणं ओळखायची तुलनेची अँटिबॉडी) आणि अँटिबॉडीची बाटली तपासा. प्रत्येक वाट्यात प्लेटलेटची संख्याही मोजा. एकमेकींना चिकटून गोळे झालेल्या प्लेटलेट गेटच्या बाहेर जातात, आणि मग उरलेल्या शांत प्लेटलेट बघून नमुना चांगला असल्याचा भास होतो. ट्रॅपने आणखी किती वाढ होते तेही बघा. आधीच रिकामी झालेली प्लेटलेट पुन्हा भडकवता येत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला: रक्त गोठवणाऱ्या पेशीवरून दाहाबद्दल काही सांगता येतं का? तुम्ही या दोन गोष्टी वेगळ्या धरल्यात. शरीर तसं धरत नाही. हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या शरीरात रक्त गोठवणारी आणि जंतूंशी लढणारी पेशी एकच असते. जिवाणूंचं एंडोटॉक्सिन दिसलं की त्याचं रक्त तिथल्या तिथे गोठतं. आपल्याकडे कामं वाटली गेली, पण नातं तुटलं नाही. तुम्ही मोजताय ते पी-सिलेक्टिनच घ्या. ते प्लेटलेटचा हूक आहे. त्याने ती न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना पकडते, आणि पकडलेला मोनोसाइट दाहाचे रेणू आणि टिश्यू फॅक्टर बनवू लागतो. टिश्यू फॅक्टर पुन्हा गोठण्याची साखळी सुरू करतो. भडकलेली प्लेटलेट सीडी४० लायगँड दाखवून रक्तवाहिनीच्या अस्तरालाही दाहाचा निरोप देते, हे १९९८ साली दाखवलं गेलं. जंतू पकडायला न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात हे २००४ साली कळलं, आणि प्लेटलेट त्यांना तसं करायला लावू शकतात हे २००७ साली. संसर्गाला अडवण्यासाठी शरीर मुद्दाम बारीक गुठळ्या करतं, या कल्पनेला २०१३ साली एंगेलमान आणि मासबर्ग यांनी 'इम्युनोथ्रॉम्बोसिस' या शब्दाखाली नीट मांडलं. तुमचा विषय चुकलेला नाही. तो आज या क्षेत्राच्या मध्यभागी आहे.

फक्त 'प्लेटलेट भडकलेल्या दिसल्या, म्हणून त्या आजाराचं कारण' अशी उडी मारू नका. कोविडमध्ये प्लेटलेट भडकलेल्या होत्या, हे अनेकांनी दाखवलं. मग ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत रुग्णालयात दाखल असलेल्या सुमारे १५ हजार रुग्णांवर अ‍ॅस्पिरिन तपासून बघितली. २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण दोन्ही गटांत १७ टक्के राहिलं. भडकणं खरं होतं, पण त्या टप्प्यावर अ‍ॅस्पिरिनने ते अडवून जीव वाचले नाहीत. तुमच्या पेपरमध्ये 'संबंध आढळला' आणि 'कारण आहे' या दोन वाक्यांतलं अंतर जपा.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या १४ ते २० टक्क्यांकडे बघताक्षणी खटकते. शरीरात भडकलेली प्लेटलेट पृष्ठभागावरचं पी-सिलेक्टिन लवकर गमावते. ते गळून प्लाझ्मात जातं आणि प्लेटलेट मात्र फिरत राहते. मायकेलसन आणि सहकाऱ्यांनी हे १९९६ साली बबून माकडांत दाखवलं. त्यामुळे स्थिर मधुमेह असलेल्या, चालत ओपीडीत आलेल्या माणसात सतत इतका उंच आकडा मिळाला, तर आधी नळीवर संशय घ्यायला हवा. शरीरात खरोखर काय चाललंय याचा जास्त टिकाऊ पुरावा प्लेटलेट चिकटलेल्या मोनोसाइटमध्ये सापडतो, म्हणजे सीडी१४ (मोनोसाइटची खूण) आणि सीडी४१ (प्लेटलेटची खूण) दोन्ही असलेल्या घटना. त्याच गटाने २००१ साली हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांत हे मोजमाप पी-सिलेक्टिनपेक्षा जास्त संवेदनशील असल्याचं मांडलं. तुमच्या पॅनेलमध्ये ते घाला. पण या जोड्या नळीतही मिनिटामिनिटाला वाढत जातात, म्हणून इथे ओपीडीतलं फिक्सिंग ऐच्छिक नाही, सक्तीचं आहे. यंत्र सगळ्यांत कमी वेगावर चालवा, नाहीतर शेजारून जाणारी सुटी प्लेटलेटही चिकटलेली म्हणून मोजली जाईल.

सीरममधल्या सीडी४० लायगँडचा बेत सोडून द्या. सीरम म्हणजे रक्त नळीत गोठू देऊन उरलेलं पाणी. गोठताना तिथल्या प्लेटलेट आपलं पोट रिकामं करतात. सीडी४० लायगँड, रँटीस, व्हीईजीएफ, सेरोटोनिन यांचा सीरममधला मोठा वाटा हा नळीत घडलेला असतो. सायट्रेटचा प्लाझ्मा घ्या, आणि त्यात प्लेटलेट उरणार नाहीत इतकं नीट फिरवा. उरलेल्या प्लेटलेट गोठवून वितळवताना फुटतात आणि तोच घोळ पुन्हा होतो.

आता लोकांबद्दल. तुमचे पहिले १७ कंट्रोल प्रयोगशाळेतले आहेत, म्हणजे बहुधा पंचविशीतले, नाश्ता करून, लिफ्टने आलेले. रुग्ण पन्नाशीचे, फास्टिंग शुगरसाठी उपाशी, बसमधून उतरून जिना चढून आलेले. यातली प्रत्येक गोष्ट प्लेटलेटवर थोडीफार उमटते. सकाळी उठल्यानंतरच्या तासांत त्या तशाही जास्त चपळ असतात. नव्याने सुरू करताना रुग्णाबरोबर आलेली नात्यातली माणसं कंट्रोल म्हणून घ्या, विशेषतः नवरा किंवा बायको. तीच बस, तोच जिना, घरचं तेच जेवण. वय जुळवा, एचबीए१सी करून ५.७ च्या आत असेल तरच घ्या. रोज एक रुग्ण आणि एक कंट्रोल अशी जोडी, त्याच खुर्चीत, त्याच सिस्टरच्या हातून, त्याच तासात. दोघांनाही १५ मिनिटं बसवून मगच सुई. नळ्यांवर नाव-गट न लिहिता क्रमांक लिहा, आणि गेटिंग संपेपर्यंत कोणता क्रमांक कोणाचा ते स्वतःलाही कळू देऊ नका.

औषधांबद्दल विचारताना 'काही औषध चालू आहे का?' एवढं विचारू नका. उत्तर 'नाही' येतं, आणि ते खरं नसतं. आपल्याकडे डोकेदुखीची गोळी कोणी औषधात धरत नाही. 'डोकं दुखलं, अंग दुखलं तर काय घेता? शेवटचं कधी घेतलं?' असं विचारा. डिस्प्रिन आणि इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच. अ‍ॅस्पिरिन कॉक्स-१ हे एन्झाइम कायमचं बंद करते, आणि केंद्रक नसल्याने प्लेटलेट ते पुन्हा बनवू शकत नाही. म्हणून परिणाम पेशीच्या आयुष्यभर राहतो. १० दिवसांचं अंतर हवं. कॉम्बिफ्लाममधल्या आयबुप्रोफेनला ३ दिवस पुरतात. रुग्ण डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असेल, तर अभ्यासासाठी ती बंद करायला कधीही सांगायचं नाही; नोंद करायची आणि विश्लेषणात ते रुग्ण वेगळे बघायचे.

वेळेचा हिशोब तुम्हाला सतावत असेल. ओपीडीतली चाचणी आणि मंजुरी यात दोन महिने जातील. त्यानंतर आठवड्याला दोन जोड्या धरल्या तरी तीन महिन्यांत २४ जोड्या होतात. तिसऱ्या वर्षात हे परवडतं. पाचव्या वर्षात परीक्षकाने 'रक्त कुठे काढलं होतं?' असं विचारणं परवडत नाही. जुने ४८ नमुने फेकू नका. ते सगळेच्या सगळे, त्या ७ सह, थीसिसमध्ये पद्धतीच्या प्रकरणात येतील. नमुन्याचा प्रवास मधुमेहाएवढा फरक कसा दाखवू शकतो, हे तुमच्या आकड्यांतून दुसऱ्या कुणाची तरी तीन वर्षं वाचवेल.

गाईडशी बोलताना 'तुम्ही डेटा काढायला सांगताय' इथून सुरुवात करू नका. त्यांनाही हे कोडं उलगडलेलं नाही, आणि हात कच्चा असणं हे त्यांना सुचलेलं सोपं कारण आहे. एक आलेख न्या: आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर पी-सिलेक्टिन, आणि ठिपक्यांचा रंग मधुमेहावरून नाही तर रक्त कुठे काढलं त्यावरून. आणि शक्य असेल तर आलेखाच्या आधी त्यांना खिडकीपाशी बोलवा. एकाच माणसाच्या, एकाच सुईतून निघालेल्या प्लाझ्माचे दोन वाटे त्यांच्या हातात द्या. एक २२ अंशांवर ठेवलेला, दुसरा नुकताच बर्फातून काढलेला. दोन्ही नळ्या त्यांना स्वतःलाच उजेडात कलत्या करून बघू द्या.